एलेन जॉन्सन सर्लीफ : जगभर मान मिळाला, त्यातून लायबेरियाच्या हाती काय आलं?

नदीकाठ

आफ्रिका खंडात निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झालेली पहिली स्त्री म्हणजे लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लीफ. १६ जानेवारी २००६ ला त्यांनी शपथ घेतली. समारंभाला अमेरिकेहून लॉरा बुश आणि कोंडोलीझा राइस आल्या होत्या. दोन महिन्यांत त्यांचं अमेरिकी काँग्रेससमोर भाषण झालं. २००७ मध्ये अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, २०११ मध्ये लायबेरियाच्याच लेमा ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत शांततेचं नोबेल, २०१२ चा आपला इंदिरा गांधी शांतता पुरस्कार आणि पद सोडल्यावर आफ्रिकी नेत्यांसाठीचा मो इब्राहिम पुरस्कार, असा सन्मान वाढतच गेला.

मायदेशातली नोंद मात्र निराळी आहे. २००९ मध्ये यादवी युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या त्यांच्याच देशाच्या सत्य व सलोखा आयोगानं त्यांना ३० वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवावं अशी शिफारस केली. जानेवारी २०१८ मध्ये, पदावरून उतरायला आठवडाभर असताना, त्यांच्याच युनिटी पार्टीनं त्यांना काढून टाकलं.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९३८, राजधानी मनरोव्हियात. वडील गोला जमातीचे. देशाच्या विधिमंडळात निवडून गेलेले मूळनिवासी समाजातले ते पहिले. आईचे वडील जर्मन. अर्थशास्त्र शिकून सर्लीफ अर्थखात्यात चढत गेल्या आणि १९७९ मध्ये अर्थमंत्री झाल्या. एप्रिल १९८० मध्ये सार्जंट सॅम्युएल डो यानं राष्ट्राध्यक्ष टॉल्बर्ट यांना मारून सत्ता घेतली, आणि दहा दिवसांनी १३ बड्या अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. जे चार मंत्री वाचले त्यांत या एक. पुढे सिटी बँकेची नैरोबीतली नोकरी, १९८५ मध्ये सरकारवर टीका केल्याबद्दल दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा, त्यातून सुटका, पुन्हा अटक, परदेश, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात आफ्रिका विभागाचं प्रमुखपद. १९९७ मध्ये बंडखोरांचा नेता चार्ल्स टेलर याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि साफ हरल्या. टेलरला ७५ टक्के, यांना १० च्या आसपास.

माझं मत असं की बाहेरची ही लोकप्रियता नुसती शोभेची नव्हती. तेव्हा देशाकडे कर्ज उभं करायला तारण म्हणून दुसरं काहीच नव्हतं. या नावाच्या बळावर नेमकी कोणती कामं झाली आणि कोणती झाली नाहीत, हे आकड्यांसकट चर्चेत यावं. ‘पोलादी स्त्री’ म्हणून थांबू नये ही विनंती.

रानवारा

विषय चांगला घेतलात. पण सुरुवातच दुरुस्त करायला हवी. २००५ च्या निवडणुकीत जगभर लोकप्रिय उमेदवार सर्लीफ नव्हत्याच. तो होता जॉर्ज वेआ. १९९५ चा बॅलन डी’ऑर जिंकलेला फुटबॉलपटू, एसी मिलानचा आघाडीवीर. सर्लीफ यांना बँका आणि संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात ओळखत होते, रस्त्यावरच्या पोराला वेआ माहीत होता.

आकडे बघा. पहिली फेरी ११ ऑक्टोबर २००५, उमेदवार २२. वेआ २,७५,२६५ (२८.३ टक्के), सर्लीफ १,९२,३२६ (१९.८ टक्के). लायबेरियात निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून पहिल्या दोघांत ८ नोव्हेंबरला दुसरी फेरी झाली. तिथे सर्लीफ ४,७८,५२६ आणि वेआ ३,२७,०४६.

म्हणजे वेआची मतं वाढली ५१,७८१ आणि सर्लीफ यांची २,८६,२००. एकूण मतदान दुसऱ्या फेरीत घटलेलं असताना हे झालं. वेआचा चाहता पहिल्याच फेरीत येऊन गेला होता, पलीकडचा माणूस त्याच्याकडे वळला नाही.

दूर्वा

मग ही पावणेतीन लाखांवर मतं आली कुठून? पडलेल्या उमेदवारांनी वळवली म्हणावं तर त्यातले काही मोठे वेआकडेच गेले होते ना?

रानवारा

हो, म्हणूनच पुढाऱ्यांच्या पाठिंब्यावरून हिशेब लागत नाही. बायकांची नोंदणी बघावी लागते.

२००३ मध्ये युद्ध थांबावं म्हणून ग्बोवी आणि सोबतच्या बायका पांढरे कपडे घालून मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसत होत्या. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र. ऑगस्ट २००३ मध्ये घानातल्या अक्राला शांतता करार झाला, त्यामागे हा रेटा होता. २००५ मध्ये मतदारनोंदणी सुरू झाली तेव्हा बायकांची संख्या कमी पडतेय असं दिसताच हेच जाळं पुन्हा कामाला लागलं. पद्धत साधी होती. बाजारात जायचं, भाजीवालीला विचारायचं नोंदणी का केली नाहीस. उत्तर ठरलेलं: दुकान कोण बघणार, मूल कोण सांभाळणार. मग एकीनं पाटी सांभाळायची, दुसरीनं मूल घ्यायचं आणि तिला रांगेत पाठवायचं. नोंदणी संपली तेव्हा साडेतेरा लाख मतदारांत बायका जवळजवळ निम्म्या होत्या.

या बाजारातल्या बायका लायबेरियाची खरी अर्थव्यवस्था चालवतात. युद्धाच्या काळात गावाकडून शहरात धान्य आणि पामतेल त्यांनीच आणलं. सर्लीफ यांची आजीही बाजारात बसायची, हे त्या भाषणात आवर्जून सांगत. समर्थक त्यांना ‘मा एलेन’ म्हणत.

हिशेबनीस

नदीकाठ, तुमच्या ‘तारण’ या शब्दाला धरून कर्जमाफीबद्दल लिहितो. माझ्या मते त्यांच्या बारा वर्षांतलं सगळ्यात पक्कं काम तेच, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ते कंटाळवाणं आहे.

२००६ मध्ये सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे ८ कोटी डॉलर. बाहेरचं कर्ज सुमारे ४९० कोटी डॉलर. सगळा अर्थसंकल्प नुसत्या मुद्दलात घातला, एक शिक्षक किंवा एक शिपाई न ठेवता, तरी साठ वर्षं लागली असती. यातलं बरंचसं डोच्या काळातलं कर्ज आणि त्यावर वीस वर्षं साचलेलं व्याज.

अडचण नुसती रकमेची नव्हती. जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची थकबाकी असेल तर त्यांच्याकडून नवा पैसा मिळत नाही, आणि त्यांचा शेरा असेपर्यंत बाकीचेही दार उघडत नाहीत. त्यामुळे क्रम ठरलेला होता:

आधी नाणेनिधीच्या देखरेखीखाली, त्यांचा एक पैसाही न घेता, शिस्तीत कारभार करून दाखवायचा. सर्लीफ यांनी ‘रोख शिल्लक’ पद्धत लावली. तिजोरीत आहे तेवढाच खर्च, उधारीचं आश्वासन नाही. अर्थमंत्री अँट्वानेट सायेह या स्वतः जागतिक बँकेच्या मुशीतल्या, त्यांना कोणता कागद कुठे लागतो ते पाठ होतं.

मग थकबाकी मिटवायची. डिसेंबर २००७ मध्ये जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँकेची मिटली, मार्च २००८ मध्ये नाणेनिधीची. रीत अशी की काही तासांपुरतं ब्रिज कर्ज घ्यायचं, थकबाकी भरायची, लगेच त्याच संस्थेकडून मिळालेल्या नव्या मदतीतून ते ब्रिज कर्ज फेडायचं. कागदावरचा खेळ वाटतो, पण मागे खरा पैसा कुणीतरी घालावा लागतो.

त्यानंतर मार्च २००८ मध्येच ‘हिपिक’, म्हणजे अतिकर्जबाजारी गरीब देशांच्या योजनेचा पहिला टप्पा. इथून पुढे अटी: गरिबीनिर्मूलनाचा आराखडा एक वर्ष राबवून दाखवणं, सरकारी खरेदीचे नियम, लेखापरीक्षण, खनिजांच्या उत्पन्नाचा जाहीर हिशेब वगैरे. २९ जून २०१० ला अंतिम टप्पा गाठला आणि सुमारे ४६० कोटी डॉलरचं ओझं उतरलं.

खाजगी कर्ज वेगळं. बँका आणि फंडांकडे दर्शनी किमतीनं सुमारे १२० कोटी डॉलरची लायबेरियाची देणी होती. एप्रिल २००९ मध्ये ती डॉलरला सुमारे तीन सेंट या भावानं परत विकत घेतली. खर्च सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर. निम्मे जागतिक बँकेनं दिले, निम्मे जर्मनी, नॉर्वे, ब्रिटन, अमेरिकेनं. लायबेरियाच्या तिजोरीतून काही गेलं नाही.

सप्तपर्णी

माहिती उत्तम, पण शंका आहे. हिपिक ही नियमांची योजना. जो देश निकषात बसेल त्याला मिळते, तिशीच्या वर देशांना मिळाली. मग यात सर्लीफ यांच्या नावाचा वाटा कसा धरायचा? उद्या तिथे दुसरा कोणी सज्जन अर्थतज्ज्ञ असता तरी हेच झालं नसतं का?

हिशेबनीस

रास्त शंका. तीन ठिकाणी वाटा दिसतो.

नाणेनिधीचा हिस्सा. हिपिकसाठी निधीनं आधी जे पैसे बाजूला ठेवले होते त्यात लायबेरिया धरलेलाच नव्हता, कारण तो दीर्घकाळ थकबाकीदार. त्यासाठी वेगळा पैसा उभा करावा लागला. निधीकडे एका खात्यात सदस्य देशांचे परत मिळायचे पैसे पडून होते. शंभराहून जास्त देशांनी त्यातला आपला वाटा लायबेरियासाठी सोडला. प्रत्येक देशाची लेखी संमती हवी. वॉशिंग्टनमधली ओळख आणि पत उपयोगी पडते ती अशा वेळी.

तुलना. तेव्हा हिपिकच्या यादीत असे जुनाट थकबाकीदार देश तीन होते: लायबेरिया, सोमालिया, सुदान. लायबेरियानं पहिला टप्पा २००८ मध्ये गाठला. सोमालियानं मार्च २०२० मध्ये, सुदाननं जून २०२१ मध्ये. त्या दोघांच्या राजकीय अडचणी फार मोठ्या होत्या हे मान्य, म्हणून सगळं श्रेय नावाला देत नाही. पण बारा-तेरा वर्षांचं अंतर आहे.

तिसरं, गिधाड फंड, म्हणजे बुडीत कर्जाचे कागद स्वस्तात घेऊन पूर्ण वसुलीसाठी कोर्टात जाणारे. दोन फंड तीन सेंटच्या सौद्यात आलेच नाहीत. त्यांच्याकडे १९७८ च्या एका ६० लाख डॉलरच्या कर्जाचे कागद होते. नोव्हेंबर २००९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात त्यांनी सुमारे २ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. यावरून ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की एप्रिल २०१० मध्ये तिथल्या संसदेनं कायदाच केला: हिपिक देशाच्या जुन्या कर्जावर ब्रिटिश कोर्टात योजनेनं ठरवल्यापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. नंतर त्या फंडांनीही तीन टक्क्यांच्या आसपास तडजोड केली. ब्रिटिश खासदारांना लायबेरिया म्हटलं की कोणाचा तरी चेहरा आठवत होता, त्याचा फायदा झाला. तो कायदा पुढे इतर गरीब देशांच्याही कामी आला.

सप्तपर्णी

पटलं. विशेषतः सोमालिया-सुदानची तुलना.

मंद्र

अमेरिकेशी असलेल्या या मैत्रीची किंमतही मोजावी लागली, ती इथे यायला हवी. चार्ल्स टेलर तेव्हा नायजेरियात कालाबार इथे आश्रयाला होता. निवडून आल्यावर सर्लीफ यांचं म्हणणं होतं की टेलर ही पहिली निकड नाही, आधी देश उभा करू द्या. त्याचे लोक विधिमंडळात होते, त्याचे बंदूकवाले नुकते शस्त्र टाकून घरी बसले होते. पण अमेरिकेतून दबाव वाढला. मार्च २००६ मध्ये त्यांनी नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्याकडे टेलरची रीतसर मागणी केली. तो पळाला, २९ मार्चला कॅमेरूनच्या हद्दीवर सापडला आणि सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाकडे गेला. खटला तिथे चालवला तर प्रदेश पेटेल म्हणून हेगला हलवला. २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा.

न्याय झाला, यात शंका नाही. पण टेलरला शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात त्यानं आणि इतरांनी जे केलं त्याबद्दल सर्लीफ यांच्या बारा वर्षांत देशात एकही युद्धगुन्हेगार कोर्टासमोर उभा राहिला नाही. बाहेरच्यांनी मागितलेला न्याय पार पडला आणि घरच्यांनी मागितलेला तसाच पडून राहिला. याला मी त्यांचं सगळ्यात मोठं अपयश मानतो.

नदीकाठ

मंद्र, इथे आयोगाचा मुद्दा जोडून लिहाल का? अनेकांना ३० वर्षांच्या बंदीचं नेमकं कारण माहीत नसतं.

मंद्र

१९९० च्या सुमाराला, टेलरचं बंड सुरू झालं तेव्हा, परदेशातल्या विरोधकांनी डोला हटवायचं म्हणून त्याला पैसे दिले. सर्लीफ यांनी २००९ मध्ये आयोगासमोर कबूल केलं की १०,००० डॉलर दिले गेले, आणि टेलरला ओळखण्यात चूक झाली म्हणून माफी मागितली. आयोगानं सुमारे ५० जणांच्या यादीत त्यांचं नाव टाकलं. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सुनावणीची नीट संधी न देता अशी बंदी घालणं घटनाबाह्य आहे.

न्यायालयाचं तर्कशास्त्र बरोबर होतं. पण परिणाम काय झाला? यादीच निकामी झाली आणि तिच्यासोबत युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय स्थापण्याची शिफारसही कपाटात गेली. राष्ट्राध्यक्षांचंच नाव अहवालात असताना तो अहवाल पुढे कोण रेटणार?

अटकेपार

भारताशी असलेले धागे नोंदवतो, कारण मराठीत यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही.

पहिला. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला मनरोव्हियाला पोचल्या. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातलं ते पहिलं पूर्ण महिलांचं सशस्त्र पोलीस पथक. दर वर्षी तुकडी बदलत फेब्रुवारी २०१६ पर्यंत ते तिथे होतं. काम म्हणजे रात्रीची गस्त, जमाव आवरणं आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा. हे कार्यालय परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीत होतं, कारण २६ जुलै २००६ ला स्वातंत्र्यदिनाच्या समारंभातच मूळ प्रासादाला आग लागली होती. म्हणजे बाई राष्ट्राध्यक्ष आणि दारावर बायकांचाच पहारा, हे दृश्य तिथल्या मुलींनी रोज पाहिलं. लायबेरियाच्या सुरक्षा सेवांमधलं महिलांचं प्रमाण त्या काळात ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं असं संयुक्त राष्ट्रांनी पथकाला निरोप देताना सांगितलं.

दुसरा धागा मित्तल यांच्या पोलाद कंपनीचा. निंबा डोंगरातलं लोहखनिज, बुकॅनन बंदर आणि दोन्हींना जोडणारा रेल्वेमार्ग, असा करार ऑगस्ट २००५ मध्ये काळजीवाहू सरकारनं घाईत केला होता. त्यात बंदर आणि रेल्वे कंपनीच्या ताब्यात, करसवलत लांबच लांब, आणि खनिजाचा भाव ठरवण्यात कंपनीला मोकळीक. भावावरच रॉयल्टी अवलंबून, त्यामुळे खरी गोम तिथेच. सर्लीफ सरकारनं डिसेंबर २००६ पर्यंत तो करार पुन्हा घासाघीस करून बदलला: बंदर-रेल्वेची मालकी सरकारकडे परत, भाव बाजाराशी बांधलेला, सवलत कापली. पहिलं जहाज सप्टेंबर २०११ मध्ये निघालं.

गरीब देशानं बड्या कंपनीशी झालेला करार दुरुस्त करून घेतला याचं उदाहरण म्हणून हे अजून सांगितलं जातं. फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीच्या रबर मळ्याचा करारही त्यांनी २००८ मध्ये बदलून घेतला.

हिशेबनीस

अटकेपार, याची दुसरी बाजूही लिहायलाच हवी. लायबेरियाच्याच खनिज-पारदर्शकता संस्थेसाठी लंडनच्या लेखापरीक्षकांनी २००९ नंतर दिलेले ६८ सवलत-करार, म्हणजे खाणी-जंगलं-जमिनी कंपन्यांना वापरायला देणारे करार, तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: ६२ करारांत कायद्याची प्रक्रिया नीट पाळलेली नाही. कुठे स्पर्धात्मक निविदा नाही, कुठे गावकऱ्यांशी सल्लामसलत नाही. लेखापरीक्षण करवून जाहीर होऊ दिलं हे सरकारच्या बाजूनं धरायचं, पण ६८ तले ६२ म्हणजे एखाददुसरी चूक नव्हे.

सुरुवातीचे दोन करार सुधारायला बाहेरचे नामांकित वकील आणि अर्थतज्ज्ञ मदतीला आले. नंतरचे डझनावारी करार खात्यांमधल्या रोजच्या माणसांनी केले. वर ओळखीची माणसं आणि खाली रिकामं खातं, ही या राजवटीची रचनाच होती.

दूर्वा

विजेचंही असंच झालं का? पहिल्या वर्षी दिवे लागले असं वाचलं होतं.

रानवारा

रस्त्यावरचे दिवे जुलै २००६ मध्ये लागले, राजधानीच्या काही भागात, जनरेटरवर. पंधरा वर्षांनी सार्वजनिक दिवा दिसल्यामुळे त्याचं मोल होतं. पण खरी वीज सेंट पॉल नदीवरच्या माउंट कॉफी धरणाची. १९९० मध्ये लढाई आली, कर्मचारी पळाले, दारं उघडायला कोणी राहिलं नाही, पाणी चढून मातीचा बांध वाहून गेला. पुढे तारा-यंत्रं लुटली गेली. ६४ मेगावॉटचा तो प्रकल्प ८८ मेगावॉटचा करून उभारला, पहिलं जनित्र सुरू झालं डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे कारकिर्दीचं अकरावं वर्ष सरताना. आणि वीज तयार झाल्यावर लक्षात आलं की ती घरापर्यंत न्यायच्या तारा आणि मीटरच नाहीत.

सप्तपर्णी

इबोलाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाहेरची पत आणि घरची पत यातला फरक तिथे जीवावर बेतला.

मार्च २०१४ मध्ये गिनीला लागून असलेल्या लोफा भागात पहिले रुग्ण. साथ येण्यापूर्वी अख्ख्या देशात डॉक्टर ५० च्या आसपास, लोकसंख्या ४० लाखांवर. सरकार सांगू लागलं तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं हा मदतीचे पैसे मिळवण्याचा डाव आहे. सहा ऑगस्टला आणीबाणी जाहीर झाली. २० ऑगस्टला वेस्ट पॉइंट ही सुमारे ७५ हजारांची, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्यावरची झोपडपट्टी रातोरात सैन्यानं बंद केली.

नेमकं काय चुकलं? वस्तीला आधी सांगितलं नव्हतं. आत अन्नपाण्याची सोय नव्हती, भाव लगेच चढले. रोगी शोधणारं पथक नव्हतं, नुसतं कुंपण होतं. सैनिकांनी गोळीबार केला, १५ वर्षांचा एक मुलगा मेला. दहा दिवसांनी वेढा उठवला. आरोग्याच्या दृष्टीनं उपयोग शून्य, उलट तापाचे रुग्ण लपायला लागले.

दुसरी चूक दहनाची. मृतदेहातून संसर्ग होतो, पाणथळ जमिनीत पुरणं धोक्याचं, म्हणून ऑगस्टमध्ये मनरोव्हियात सगळे मृतदेह जाळायचा हुकूम निघाला. त्यासाठी वापरली गेली ती शहराबाहेरची भारतीय हिंदू समाजाची दहनभूमी. आपल्याला दहन नित्याचं. पण लायबेरियात मार्चच्या दुसऱ्या बुधवारी ‘डेकोरेशन डे’ असतो, त्या दिवशी घरोघरचे लोक आपल्या माणसांच्या कबरी धुतात, रंगवतात. जाळलं म्हणजे कबर नाही, म्हणजे जायला जागाच नाही. त्यामुळे लोक घरातला मृत्यू लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले, आणि त्यातून साथ आणखी वाढली. डिसेंबरच्या शेवटी डिस्को हिल इथे जमीन घेऊन सुरक्षित दफन सुरू झालं, घरच्यांना अंतर राखून हजर राहता आलं, तेव्हा लपवाछपवी थांबली. पुढे दहनभूमीतली राखही तिथे नेऊन ठेवली.

त्याच वेळी बाहेरची पत जोरात कामाला आली. सप्टेंबरमध्ये सर्लीफ यांनी ओबामांना पत्र लिहिलं, १६ सप्टेंबरला ओबामांनी सैन्य आणि उपचार केंद्रांची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये बीबीसीवरून ‘जगाला पत्र’ वाचलं गेलं. मदत आली, पण अनेक केंद्रं तयार झाली तोवर साथ उतरत होती. ती उतरवली वस्त्यांमधल्या लोकांनीच: दाराशी क्लोरीनच्या पाण्याची बादली, संपर्कातल्या माणसाची २१ दिवस रोज विचारपूस, ओळखीच्या माणसानं दिलेला निरोप. एकूण रुग्ण १०,६०० च्या वर, मृत्यू ४,८०० च्या वर.

अटकेपार

दहनभूमीची गोष्ट मराठीत प्रथमच वाचतोय. धन्यवाद.

मंद्र

सप्तपर्णींचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. ‘ओळखीच्या माणसानं दिलेला निरोप’ हेच मतदानातही दिसतं.

नोबेलची घोषणा ७ ऑक्टोबर २०११, मतदान ११ ऑक्टोबर. विरोधकांनी यावर खूप आरडाओरडा केला. पण मतांवर परिणाम दिसत नाही. पहिल्या फेरीत ४३.९ टक्के मिळाले, निम्मे झालेच नाहीत. दुसऱ्या फेरीसाठी प्रिन्स जॉन्सनचा पाठिंबा घ्यावा लागला. हा तोच बंडखोर, ज्यानं १९९० मध्ये डोचे हाल करून मारतानाचं चित्रण करवलं होतं, आणि सत्य आयोगाच्या यादीत ज्याचं नाव ठळक होतं. त्याच्या पाठिंब्याची गरज पडली म्हटल्यावर युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाचं काय होणार हे तिथेच ठरलं.

वेआच्या पक्षानं दुसऱ्या फेरीवर बहिष्कार टाकला. आदल्या दिवशी त्यांच्या जमावावर पोलिसांनी गोळी चालवली. सर्लीफ यांना ९०.७ टक्के मिळाले, पण मतदान ३८.६ टक्के. बाद मतं सोडून ढोबळ हिशेब केला तर दर १०० नोंदणीकृत मतदारांमागे ३५ जणांनी त्यांना मत दिलं.

आणि मुलं. एक मुलगा मध्यवर्ती बँकेत उपगव्हर्नर, एक सरकारी तेल कंपनीचा अध्यक्ष, एक सावत्र मुलगा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा प्रमुख. ऑक्टोबर २०१२ मध्ये ग्बोवी यांनी, ज्यांच्यासोबत वर्षभरापूर्वी नोबेल स्वीकारलं त्यांनीच, घराणेशाहीवर टीका करून सलोखा समितीचं पद सोडलं. बाजारातल्या बायकांना नोकरशाही समजावून सांगावी लागते, मुलांच्या नेमणुका समजावून सांगाव्या लागत नाहीत.

दूर्वा

स्त्री नेतृत्वाचा प्रवाह तरी पुढे वाहिला का?

रानवारा

देशाबाहेर हो, असं म्हणता येईल. मलावीत जॉइस बांडा, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात कॅथरीन सांबा-पांझा आल्या, जरी त्या थेट निवडून आल्या नव्हत्या. देशात मात्र २०१७ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी २० उमेदवार आणि त्यात बाई एक. विधिमंडळात राखीव जागांचा कायदा बारा वर्षांत होऊ शकला नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत आरक्षणानं जे झालं, सुरुवातीला नावापुरती आणि मग हळूहळू कामाची सरपंच, ते तिथे सुरूच झालं नाही. वरून एक आली, खालून शिडी लावली गेली नाही.

हिशेबनीस

शेवटच्या पुरस्काराबद्दल एक तपशील. मो इब्राहिम पुरस्कार दर वर्षी दिला जात नाही. नेता निवडून आलेला हवा, घटनेनं दिलेली मुदत संपल्यावर गेल्या तीन वर्षांत पद सोडलेलं हवं. २०१५ आणि २०१६ साठी कोणी पात्रच ठरलं नाही. रक्कम दहा वर्षांत मिळून ५० लाख डॉलर, नंतर दर वर्षी २ लाख डॉलर. तो मिळालेल्या सर्लीफ या पहिल्या स्त्री. निवड समितीनंही कारभारातल्या उणिवांचा उल्लेख केला होता, पण लढाईनंतरचा देश सावरल्याचं मोल जास्त मानलं.

नदीकाठ

‘मुदत संपल्यावर पद सोडलेलं’ या अटीमागे काय दडलंय ते लिहितो. २०१७ ची दुसरी फेरी ७ नोव्हेंबरला ठरली होती. गैरप्रकाराच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयानं ती रोखली. सत्ताधारी पक्ष, म्हणजे सर्लीफ यांचाच पक्ष, तक्रारीत सामील झाला, आणि त्यांच्यावर उलट आरोप केला की आपल्याच उपाध्यक्षांना, बोआकाई यांना, तुम्ही मदत करत नाही. अशा वेळी मुदतवाढ घेणारे शेजारी प्रदेशात कमी नव्हते. सर्लीफ यांनी ती घेतली नाही. न्यायालयानं डिसेंबरमध्ये तक्रार फेटाळली, २६ डिसेंबरला मतदान झालं, वेआ ६१.५ टक्क्यांनी निवडून आला. २२ जानेवारी २०१८ ला मनरोव्हियाबाहेरच्या स्टेडियममध्ये सर्लीफ यांनी सत्ता त्याच्या हाती दिली. एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षानं दुसऱ्याला शांतपणे सत्ता सोपवण्याची लायबेरियातली यापूर्वीची वेळ १९४४ ची होती.